म्हशीचा पान्हा आन् माझी बंदी

आमच्या घरात म्या कानडीला बंदी घातली, आन् सासूबाईंच्या म्हशीनं दूध बंद केलं.

त्याचं असं झालं. माझी बायको गंगू बाळंत झाली, पोरगी झाली. तिची आई अक्कलकोटाकडनं बाळंतपणाला आली, संगं दुभती म्हैस! सासूबाईंना कानडीबिगर एक अक्षर येत न्हवतं. बारशाच्या आदल्या दिशी गिरणीतला मुकादम मला म्हणला, "घरात दोन भाषा चालल्या की पोरगं तोतरं निघतं." (मुकादमाला एकच भाषा येत हुती, आन् त्यो सोता तोतरा हुता. पर हे मला तवा सुचलं न्हाय.)

घरी येऊन म्या गंगूला ठणकावलं, "तुज्या आईला सांग, हितं मराठीच बोलायचं."

सासूबाई बिचाऱ्या सरळ. त्यांनी तोंडच मिटलं!

बारशाच्या सकाळी त्या मुकाट्यानं धार काढाय बसल्या. रोज कानडीत लाडीगोडी ऐकायची सवय झाल्याली म्हैस, ती पान्हाच सोडंना. आन् दुपारी सगळ्या गल्लीला खिरीचं आवतान!

म्या फुडं झालो. "दे की गं बाई." तिनं शेपटी माझ्या थोबाडावर हाणली.

शेजारची नरसम्मा, हातमागवाल्याची बायकू, तेलुगूत गोंजारू लागली, "रावे अम्मा, रावे." म्हशीनं बादली लवंडली. पलीकडचे हुसेनचाचा म्हणले, "हटो जी, मैं समजातूं." म्हशीनं चाचांच्या लुंगीवर शेण टाकलं.

तीन भाषा झाल्या, थेंब न्हाय!

दारातनं गंगू म्हणली, "अवो, आईवरची बंदी उठवा की. पावणे खिरीला येत्यात, का तुमचं त्वांड बघाय?"

म्या सासूबाईंफुडं हात जोडले. त्यांनी बोट माझ्याकडं केलं, मग म्हशीकडं.

"ती म्हणती, बंदी तुमी घातली, तर आता कानडी तुमीच बोला," गंगूनं उलगडून सांगितलं.

सगळी गल्ली बघतीया! म्या म्हशीच्या कानाशी वाकलो. गंगू सांगंल तसं बोलत ग्येलो, "बारव्वा, हाल कोडव्वा." (ये गं आई, दूध दे.) कासंला हात घालत सासूबाईंनीबी सूर धरला. म्हशीनं कान हलवले, आन् चर्र करून धार लागली!

खीर झाली. पाळण्यापाशी नरसम्मानं तेलुगूत, चाचांनी त्यांच्या बोलीत, सासूबाईंनी कानडीत आशीर्वाद दिले. म्या म्हणलं, पडू द्या पोरीच्या कानात सगळ्या.

सासूबाई बोलाय लागल्या त्या थांबनातच. माझ्याकडं बघून कायतरी म्हणल्या, तशी गंगू पोट धरून हसाय लागली.

"काय म्हणत्यात गं?"

"म्हणती, जावई लई चांगला हाय. फकस्त म्हशीपरास जरा उशिरा समजतं."