आईची वीत

ग्रुपमधल्या शिवणाऱ्या ताई-काकूंनो, आज माझं डोकं चालेनासं झालंय.

मुलीचं बाळंतपण याच आठवड्यात आहे. आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाचं पहिलं झबलं आईने आपल्या जुन्या साडीचं शिवलंय. संधिवाताने तिची बोटं आखडली, म्हणून या वेळी मशीनवर मी बसले. माप तिनेच सांगितलं, "लांबी दीड वीत."

सकाळी माझ्या वितीने मोजून शिवलेलं दाखवलं, तर म्हणाली, "अगं, हे तर बाहुलीला होईल. माझी वीत मोठी आहे ना."

मी टेप आणला, तिचा हात उशीवर ठेवला. अंगठा आणि करंगळी ताणायला तिने खूप जोर लावला. बोटं उघडलीच नाहीत. मग हात पदराखाली घेऊन म्हणाली, "राहू दे, विकतचं आण."

उरलेली साडी समोर पडली आहे. बाळ कधीही येईल. मी आता कुणाच्या हाताने मोजू?