काचेआडचं पातळ पुस्तक

उस्मानपुऱ्यातल्या एका वाचनालयात मी सत्तावीस वर्षं काढली. कपाटं काचेची, कुलूपबंद. वाचकानं खिडकीशी उभं राहून मागायचं, मी उठून काढून द्यायचं. चाळिशी-पंचेचाळिशीतली मी तेव्हा गळ्यात साखळीचा चष्मा अडकवून, किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून असं मिरवायचे, जणू निजामाचा खजिना माझ्याच पदराला बांधलाय.

माझी एक युक्ती होती. ज्या विषयातलं मला ओ की ठो कळत नसे, त्यावर कुणी पुस्तक मागितलं की कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक काढून द्यायचं. जाड पुस्तक घेऊन गेलेला माणूस शंका विचारायला परत येत नाही. उलट जाताना आभार मानतो. या हुशारीवर मी स्वतःच खूश असायचे.

एका दुपारी दौलताबादहून एक मुलगी आली. कॉम्प्युटरचा छोटा कोर्स झाला होता. किल्ल्याखाली आपली पेरूची गाडी आहे, हे तिनं न विचारताच सांगून टाकलं. वाळूजच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायला माणूस हवं होतं, मुलाखत पंधरा दिवसांवर होती आणि नेटवर्किंग विचारणार होते. सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करू, एवढंच तिला हवं होतं.

नेटवर्क म्हणजे मोबाईलच्या कोपऱ्यातल्या काड्या, एवढंच माझं ज्ञान. पण तसं म्हणेन तर ती मी कसली. मी उठले आणि दोन्ही हातांनी उचलावं लागेल असं इंग्रजी पुस्तक तिच्यापुढे आदळलं.

तिची नजर मात्र काचेवर होती. वरच्या कप्प्यात एक पातळ मराठी पुस्तक होतं, मुखपृष्ठावर दोन कॉम्प्युटर आणि मधे एक वायर.

"मॅडम, ते बारकं दाखवता का?"

"ते पोरासोरांचं आहे. नोकरी हवीय ना तुला?"

तिनं मान खाली घातली आणि ते धूड छातीशी धरून गेली. सातव्या दिवशी परत घेऊन आली. मुलाखतीला जाणार नाही म्हणाली. तीन पानं वाचली, प्रत्येक शब्दाला डिक्शनरी काढली, तरी कळलं नाही. "डोकंच नाय मला तेवढं." मी परतीचा शिक्का मारला. आजकालच्या पोरांना चिकाटी नाही, असं शेजारच्या टेबलाला ऐकवलंही.

मग मी ती मुलगी विसरले. सोळा-सतरा वर्षं चांगली विसरले.

यंदा माझी नात नेटवर्किंग शिकायला बसली. जुनी खोड गेली नव्हती, मी लगेच म्हटलं, चांगलं जाडजूड पुस्तक आण. ती हसली. तिनं आधी एक पातळ पुस्तक संपवलं: दोन कॉम्प्युटर एका वायरनं जोडले तर काय होतं, तिसरा आला तर मधे काय बसवायचं, प्रत्येकाला पत्ता का लागतो. मग हिंदीतले व्हिडिओ. मग पडद्यावरच वायरी जोडून बघायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर. त्यात मलाही तिनं दोन कॉम्प्युटर जोडायला लावले, आणि माझा निरोप एकावरून दुसऱ्यावर पोचला तेव्हा मी अंगणभर सांगत सुटले.

"आणि जाड पुस्तक?" मी विचारलं.

"ते वाचायचं नसतं आजी. अडलं की उघडायचं असतं."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नातीनं कारण विचारलं, मी पित्तावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले. जाड पुस्तक जागेवर होतं. मागे चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर एकच नोंद, माझ्याच तिरक्या अक्षरात; सात दिवसांनी परत. पातळ पुस्तक मात्र चिठ्ठीला चिठ्ठी जोडून वापरलेलं, कोपरे मळलेले. पोरंसोरं नेत होती ते, आणि शिकत होती. मी ते माझ्या नावावर घेतलं आणि रविवारी नातीला घेऊन दौलताबाद गाठलं.

पेरूच्या गाड्यांवर फार शोधावं लागलं नाही. तिनंच मला ओळखलं.

"वाचनालयातल्या मॅडम ना तुम्ही? लई वाळल्या की."

आता गाडी तीच सांभाळते. काय बोलायचं ते मी बसमध्ये तीनदा घोकलं होतं. ऐनवेळी एवढंच निघालं, "त्या दिवशी मी चुकीचं पुस्तक दिलं. मला त्यातलं काही येत नव्हतं. तू मागितलेलंच बरोबर होतं."

मी ते पातळ पुस्तक तिच्यापुढे धरलं. ती बारीक हसली. "मग हे पोरासोरांचं नाय का आता?"

सतरा वर्षांपूर्वीचा शब्द तिनं जसाच्या तसा परत केला. माझी नात तोंड वळवून किल्ल्याकडे बघू लागली.

पदराला हात पुसून तिनं पुस्तक उघडलं. पहिलं पान उभ्यानं, ओठ हलवत वाचलं. मग दुसरं. एका गिऱ्हाइकानं भाव विचारला, तर वर न बघता त्याला थांबा म्हणाली. चौथ्या पानावर तिचं बोट वायरच्या चित्रावर थांबलं.

"मॅडम," ती हळू म्हणाली, "एवढंच होतं व्हय?"

मी खाली वाकून पेरू निवडत राहिले.