दामूकाकांची तिसरी हाक

या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना वाचत आलो, निव्वळ करमणूक म्हणून. बायकोला वाचून दाखवायचे आणि दोघांनी हसायचं. मी धाटावला केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे, एकोणीस वर्षं झाली. गेज दाखवेल तेच खरं, बाकी सगळ्या बाता — एवढीच आमची विद्या. आणि आज मीच लिहायला बसलोय म्हणून बायको गालात हसतेय. हसू दे.

आधी दामूकाका कोण ते सांगतो. आम्ही रोह्याजवळ अष्टमी गावात राहतो, काका मागच्या आळीत. ते माझ्याच प्लांटला होते. फर्स्ट शिफ्ट असली की पावणेसहाला आमच्या गेटाशी उभे राहून मला हाक मारायचे, मग दोघं चालत पुलापर्यंत, तिथून कंपनीची बस. मोबाइलचा अलार्म मी झोपेतच बंद करतो हे त्यांना ठाऊक होतं. हाकांची पद्धत ठरलेली. पहिली, "विलास, गाडी आली." गाडीला खरं तर अर्धा तास अवकाश असायचा. जरा थांबून दुसरी, तीच. आणि तरी नाही उठलो तर तिसरी, "विलास, येतोस का जाऊ?" ही तिसरी मी आयुष्यात एकदाच ऐकली होती, लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात, आणि आळीने त्यावरून मला वर्षभर चिडवलं. यंदा जानेवारीअखेर काका रिटायर झाले. तेव्हापासून बायकोच ढोसून उठवते.

मे महिन्यात माझी मुलगी ऋतुजा बारावीची परीक्षा देऊन मोकळी होती. मी दर उन्हाळ्यात पाठीवर सॅक टाकून एक रात्र डोंगरावरच्या तळ्याकाठी काढतो, यंदा तिनेही हट्ट धरला. पेण आणि रोहा यांच्या मधल्या रांगेत हे तळं आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर पुढच्या शनिवारी रीलवाले तिथे हजर. बाइकने अर्धा तास, मग अडीच तासांचा चढ. बायकोचं म्हणणं एकच होतं... पोरीला काही झालं तर तू घरी येऊ नकोस. ती हे हसत म्हणाली नव्हती.

पायथ्याच्या कातकरीवाडीत काळूदादा आमच्या ओळखीचा. त्याने निघताना बजावलं होतं, झोपायचं ते कातळावर, गवतात नाय. खाली शेतात राब भाजायचं, पालापाचोळा जाळायचं काम चालू आहे, वारा फिरला तर आग वर चढते. मी हो हो म्हटलं. पण वर पोचल्यावर पाहतो तर कातळ दिवसभर तापलेला, हात लावला तरी चटका. तळं आटून मधे गुडघाभर पाणी उरलेलं. ऋतुजा म्हणाली, बाबा, गवतावर किती मऊ आहे बघ. आणि मी, ज्याने प्लांटमध्ये पोरांना सेफ्टीचे धडे दिले, त्याने कमरेएवढ्या वाळक्या गवताच्या कडेला तंबू ठोकला. माझी चूक ती माझी, त्यात भुताखेताचा हात नाही.

खिचडी केली, स्टोव्ह नीट विझवला. तारे बघत ती किती वेळ बोलत होती. इतकं मोकळं ती माझ्याशी फार वर्षांनी बोलली आणि मला फार बरं वाटलं. मग झोपलो.

झोपेत हाक ऐकू आली. "विलास, गाडी आली." मी कूस बदलली. पुन्हा तीच. अंग जड होतं, मनात म्हटलं, आज रजा आहे की. आणि मग... "विलास, येतोस का जाऊ?"

मी "आलो, आलो" म्हणत उठलो. गंमत नाही सांगत, बूट चढवले, नाड्या बांधल्या, तंबूची चेन उघडून आवाजाच्या दिशेने चालायला लागलो. आवाज तळ्याकडून आला होता, कातळावरून. नुकतं फटफटत होतं. पंचवीसेक पावलं गेलो असेन. कातळावर पाय पडला तेव्हा पुरता जागा झालो. समोर कोणी नव्हतं. मागे वळून पाहिलं तर तंबूच्या वरच्या उतारावर लाल रेघ, आडवी. आग पलीकडच्या अंगाने वर चढली असणार, आणि आता ती खाली येत होती.

पोर आत झोपलेली. मी कसा धावलो ते आठवत नाही. तिला झोपण्याच्या पिशवीसकट ओढून काढलं आणि तळ्याच्या चिखलात जाऊन उभे राहिलो. आग कातळापर्यंत आली, तिथे खायला काही मिळेना, तेव्हा बाजूने निघून गेली. तंबू, सॅक, सगळं गेलं. ऋतुजा माझा हात सोडत नव्हती आणि मी तिचा. मी घड्याळ पाहिलं. सहाला पाच कमी होती.

तू हाक ऐकलीस का, असं तिला विचारलं. नाही म्हणाली.

इथवर मला कोडं पडलं नव्हतं. एकोणीस वर्षांची सवय, शरीराला वेळ कळते, धुराचा वास झोपेत लागला असणार, मेंदूने काकांचा आवाज काढला. माझं मीच पटवून घेतलं होतं. घरी पोचलो, राखेने काळे झालेले. बायकोने आधी पोरीला कवटाळलं, मग मला मनसोक्त झापलं. आणि जरा शांत झाल्यावर म्हणाली, दामूकाकांचं काहीतरी बघायला हवं, त्यांना विसर पडायला लागलाय बहुतेक.

काका सकाळी पावणेसहाला आमच्या गेटाशी आले होते. कंपनीचा शर्ट घालून. दोन हाका मारल्या. बायकोने दार उघडून सांगितलं, काका, तुम्ही रिटायर झालात ना, आणि हे तर पोरीला घेऊन डोंगरावर गेलेत. काका ओशाळले. "सवय गो," म्हणाले, आणि वळले. चार पावलं गेले, थांबले. मग तिच्याकडे न बघता, रस्त्यावर उभे राहून, त्यांनी तिसरी हाक मारली. मी घरी नाही हे कळल्यावर!

मी अंघोळही न करता त्यांच्याकडे गेलो. अंगणात सुपात वाल निवडत बसले होते. सगळं सांगितलं. आगीचं ऐकून त्यांनी आधी ऋतुजा बरी आहे ना ते विचारलं. मग मी म्हटलं, काका, मी घरी नाही हे तुम्हाला सांगितलं होतं, मग तिसरी का मारलीत?

"दोन हाकांनी तू उठला नव्हतास."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी हातातला वाल सुपात टाकला आणि बराच वेळ विचार केला. खरंच विचार केला, मला दिसत होतं.

"नाय बा सांगता येत," म्हणाले. "पण तू उठला नव्हतास ना?"

अंतर सरळ रेषेत धरलं तरी बारा-तेरा किलोमीटर, मधे डोंगर. मोबाइलची रेंज पोचत नाही तिथे. काकांना डॉक्टरकडे नेलं होतं, त्यांच्या स्मरणशक्तीला काहीही झालेलं नाही. त्या दिवशी त्यांच्या अंगणात मी नुसता रडलो. पोराबाळांचा बाप, मोठ्याने रडलो, आणि काका पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिले, "उठलास ना पण. उठलास ना."