नाताळाआधी फुलणारा स्नोड्रॉप

हेस्टर ब्रेकवेलने एकतीस वर्षं इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या आडरस्त्यांवर बस चालवली. थांबा सोडून तिने कधी कुणाला उतरवलं नाही. निवृत्त झाल्यावर तिच्या परसात, हेझलच्या झुडपाखाली, एक स्नोड्रॉप, कंदातून उगवणारं इवलं पांढरं फूल, नोव्हेंबरअखेरच फुलला. गावातले बाकीचे जानेवारी सरताना फुलतात. पुढच्या वर्षीही तेच, आणि कंदाला कंद फुटून त्याचा पुंजका झाला. मग तिने कोंबड्या येऊ नयेत म्हणून भोवती जाळी लावली.

बातमी पसरली. दुर्मिळ स्नोड्रॉप जमवणारे ऑर्चर्ड नावाचे गृहस्थ ऐंशी मैलांवरून आले आणि चिखलात पालथे पडून बराच वेळ फूल न्याहाळत राहिले.

"बाई, एक कंद द्याल?"

"नाही," हेस्टर म्हणाली, आणि त्यांना चहा दिला.

नणंद ग्वेंडा पुढच्याच गावात राही. ती म्हणाली, "एक कांदा दिलास तर मरशील का गं?"

"मी नाही, तो मरेल. तुझ्याकडे पुदिनासुद्धा जगत नाही."

पण ग्वेंडाच्या वाढदिवसाला भेट आणायची राहून गेली, तेव्हा हेस्टरने नाइलाजाने एक कंद कागदात गुंडाळून दिला.

पाचव्या हिवाळ्यात करडी बुरशी आली. आठवड्याभरात पानं लोळली, कंद मऊ पडले. हेस्टरने सगळे उपटून शेगडीत जाळले. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि जेवली नाही हे कुणाला सांगितलंही नाही.

चार दिवसांनी ती ग्वेंडाच्या दारात उभी राहिली. कचऱ्याच्या डब्यामागे अकरा स्नोड्रॉप डौलात उभे होते.

"यांना काय घालतेस?"

"काही नाही. विसरलेच होते मी यांना."

हेस्टरने फुलं पुन्हा एकदा मोजली. ग्वेंडा दाराला टेकून बघत राहिली. तिला हा क्षण लवकर संपवायचा नव्हता.

"माग ना," शेवटी ग्वेंडा म्हणाली. "तोंड झिजणार नाही."

"दे."

"किती?"

"देशील तितके."

ग्वेंडाने फुलं ओसरेपर्यंत थांबायला लावलं आणि मग सहा दिले. हेस्टरने त्यातले दोन स्वतः लावले. उरलेल्या चारांपैकी एक ऑर्चर्डना टपालाने गेला आणि तीन गावात वाटले गेले. कुणी कारण विचारलं की ती हवामानाबद्दल बोले.

पुढच्या डिसेंबरात ग्वेंडा बघायला आली. फुलं खाली मान घालून असतात, आतली हिरवी खूण बघायला गुडघे टेकावे लागतात. दोघींनी टेकले. मग उठता येईना. शेजारच्याने कुंपणावरून बघितलं आणि शिडी घेऊन आला. शिडीच का, ते त्यालाही सांगता आलं नाही.