बहुतेक गुरुजी

"उद्या सकाळी सूर्य उगवन, बहुतेक," असं म्हणणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. ते माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला एक 'बहुतेक' बांधून द्यायचे. पाणी शंभर अंशाला उकळतं, बहुतेक. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, बहुतेक. एकदा हजेरीच्या वेळी एक पोरगा 'हजर, बहुतेक' म्हणाला तेव्हा वर्ग हसला आणि त्याच्याबरोबर मोठेबाबाही हसले. गावाने त्यांचं नावच 'बहुतेक गुरुजी' ठेवलं होतं.

गोंदिया जिल्ह्यात, केशोरीच्या अलीकडे, जंगलाला लागून आमचं गाव. आमचे पूर्वज तलाव बांधणारे. त्यांनी बांधलेल्या तलावाच्या पाण्यावर आजही धान पिकतं, आणि त्याच तलावाच्या पाळीवर मोठेबाबा रोज दिवेलागणीला जाऊन बसत. आकाश बघायला माणसं सोबत लागतात असं त्यांचं मत होतं. गुरं परतताना जो कोणी सापडेल त्याला थांबवून ते चांदणी दाखवत. लोक कंटाळत, पण टाळत नसत, कारण गुरुजी कधी कोणाला अडाणी म्हणत नसत. सप्तर्षी दाखवताना आधी आपली गोष्ट सांगत, म्हातारीची बाज आणि ती चोरायला आलेले तीन चोर. मग पुस्तकातलं सांगत. मग म्हणत, "दोन्ही ठेवा. कोनतं कधी कामी येईन, सांगता येत नाही."

मी त्यांना असंच मऊ, असंच चाचपडत बोलणारं पाहिलं. पण बाबा सांगायचे की माझ्या जन्माआधी ते असे नव्हते. टेबलावर मूठ आपटून बोलत. नवसाला जाणाऱ्याला वाटेत गाठून वाद घालत. "मी सांगून राहिलो ना," हे त्यांचं तेव्हाचं पालुपद होतं. त्या पालुपदाचं काय झालं, ते सांगायचं तर आधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी.

आमच्याकडे सुनेने भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, बोलायचं नसतं. तो समोर आला की पदर पुढे ओढायचा, वाट सोडायची. काही सांगायचंच झालं तर पोरांकडून सांगायचं. माझी आई आणि मोठेबाबा एकाच अंगणात उभी हयात राहिले आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. त्यात राग नव्हता, आकसही नव्हता. चूल जशी उजव्या हाताला असते, तसं ते होतं.

तर मी जन्मायच्या आधीच्या दिवाळीत सूर्यग्रहण आलं. सकाळचं. आई पाच महिन्यांची गरोदर होती. आजीने तिला खोलीत बसवलं, विळी उचलून ठेवली, सुईदोरा लपवला. मोठेबाबा अंगणात उभे राहून आपल्या बायकोला मोठ्याने म्हणाले, म्हणजे आत आईला ऐकू जाईल असं, "तिले म्हना बाहेर येऊन पाय. कायी होत नाही. मी सांगून राहिलो ना." भासऱ्याचा शब्द. होय म्हणायची सोय नव्हती तशी नाही म्हणायचीही नव्हती. आई बाहेर आली, थोडा वेळ उभी राहिली आणि आत गेली. तिला काय दिसलं, ते तिला कोणी विचारलं नाही.

पुढे मी जन्मले. माझा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता. आजी म्हणाली, "गिऱ्हानानं खाल्लं पोरीले." गावानेही तेच म्हटलं. आई काही बोलली नाही. मोठेबाबांनी माझं नाव तारा ठेवायचं मनात धरलं होतं. आजीने बजावलं की आता आकाशातलं काही घरात नको. म्हणून मी वंदना झाले, आणि मोठेबाबा बहुतेक गुरुजी झाले.

नागपूरला माझी ऑपरेशनं झाली. प्रत्येक वेळी ते आईबाबांबरोबर आले, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिले आणि आत काही आले नाहीत. ओठावर एक रेघ राहिली, बोलण्यात थोडा नाकातला सूर राहिला. शाळेत पोरं चिडवत. मी रडत घरी आले की मोठेबाबांचं तोंड माझ्याहून लहान होई. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, मोठीआई, त्यांची बायको, लवकर गेली, आणि सगळा जीव माझ्यावर. खरं सांगायचं तर त्यांच्या त्या अपराधीपणाचा मी भरपूर फायदा घेतला. मंडईच्या जत्रेत फुगा हवा, सायकल हवी, नागपूरच्या कॉलेजात शिकायला जायचंय आणि बाबा नाही म्हणतात, काहीही असो. मी नुसती समोर जाऊन उभी राहायची. त्यांनी मला कधी नाही म्हटलं नाही. का म्हणत नाहीत, ते मला फार लहानपणी कळलं होतं.

पण त्यांच्याजवळ बसून जे ऐकलं, ते मात्र फायद्यासाठी नव्हतं. एकदा मी विचारलं, "मोठेबाबा, तिकडं वरत कोनी राहते का?" त्यांनी पाळीखालच्या एका बोडीकडे, शेतातल्या लहान तळ्याकडे, बोट दाखवलं. म्हणाले, "आपन नवी बोडी खांदतो. पयल्या साली नुसतं पानी. दुसऱ्या साली पाय, मासोळी दिसते. कोन आनून सोडली? कोनी नाही. पानी पायजे, येळ पायजे, मासोळी आपली वाट काढते. वरत तं बोड्याच बोड्या आहेत. एकाच बोडीत मासोळी असन, हे काही मनाले पटत नाही, बहुतेक."

दुसऱ्या एका संध्याकाळी त्यांनी मला अंगणाच्या टोकाला भिंतीवर टांगलेलं सूप दाखवलं आणि डोळ्यासमोर सुपारी धरायला लावली. सुपारी थोडी मागेपुढे केली आणि बरोबर एका जागी अख्खं सूप झाकलं गेलं. "सूर्य चंद्राच्या जितका पट मोठा, तितकाच पट दूर," ते म्हणाले. "म्हनून आपला चंद्र सूर्याले बरोबर झाकते. असा मेळ सगळीकडे बसत नाही. शुक्राले चंद्रच नाही. मंगळाचे इवलेसे. दूरच्या ताऱ्यापाशी एखादी पृथ्वी असन, तिथं लोक असतीन, धान लावत असतीन. पन तिथं असं गिऱ्हान नसन." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तिथल्या बायांले कोनी घरात कोंडत नसन. अन् तिथं एखादा गुरुजी असन, तो सुखात असन."

मी तेव्हा हसले होते. परग्रहावरच्या गुरुजीची गंमत वाटली होती.

कॉलेजात गर्भाची वाढ शिकले आणि सुट्टीत घरी आल्या आल्या, पिशवीही न ठेवता, त्यांच्याकडे गेले. म्हटलं, मोठेबाबा, बाळाचा ओठ पोटात दुसऱ्या महिन्यातच जुळतो. जुळायचा नसेल तर तेव्हाच राहून जातो. ग्रहण लागलं तेव्हा मी पाच महिन्यांची होते. म्हणजे माझा ओठ त्याच्या कितीतरी आधीच फाटलेला होता. मला वाटलं, या माणसाच्या डोक्यावरचा भारा मी आज उतरवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे मले माहीत आहे," ते म्हणाले. "तू दोन वर्षांची होती तवाच वाचलं."

"मंग?"

"मंग काय. माहीत असनं येगळं, अन् तुझी माय समोरून पदर ओढून जाते ते येगळं. ती मनात काय म्हनत असन, ते कोन्या पुस्तकात हाये?"

त्यांना पुस्तकातला पुरावा नकोच होता. त्यांना आमच्या अंगणातून, आमच्या माणसाच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. हे मला त्याच दिवशी समजायला हवं होतं.

मी शिकले, विज्ञानाचीच शिक्षिका झाले, सडक अर्जुनीला लग्न होऊन गेले. तीन-चार वर्षांमागची गोष्ट. मला दिवस गेले होते आणि दिवाळीत पुन्हा सूर्यग्रहण येणार होतं, या वेळचं मावळतीचं. मी फोनवर मोठ्या उत्साहाने म्हटलं, "मोठेबाबा, दिवाळीले मी तिकडेच राहीन. आपन दोघं पाळीवर उभं राहून गिऱ्हान पाहू. साऱ्या गावाच्या देखत." ते एवढंच म्हणाले, "पाहू." पण बाबांनी सांगितलं की दुसऱ्याच दिवशी ते बसने गोंदियाला गेले आणि ग्रहणाचे दोन चष्मे घेऊन आले. माझ्या जन्मापासून त्यांनी एकही ग्रहण कोणाला दाखवलं नव्हतं.

ग्रहणाच्या दिवशी मी माहेरी होते, आणि सकाळपासून सासूबाईंचे 'बाहेर पडू नको' म्हणून फोन सुरू होते. मी त्यांना हसण्यावारी नेत होते. पण दुपार कलली तसं माझं हसणं आटत गेलं. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की सगळं ठीक आहे, चेहरा मात्र पुढच्या वेळी नीट दिसेल. आईचा ओठ लेकराकडे जाऊ शकतो, हे मी शिकले होते. माझ्या बाळाचा ओठ जुळायचा तो जुळून गेला होता, नसेल तर नसेल, त्यात सूर्याचा काही हात नाही, हेही शिकले होते. तरी मी खोलीत खाटेवर बसले होते आणि आई उंबऱ्याशी.

मोठेबाबा दारात आले. धुतलेला सदरा, हातात दोन चष्मे. आईने पदर ओढला आणि बाजूला सरकली. मी म्हटलं, "मोठेबाबा…" आणि पुढचं वाक्य मला सापडलं नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नोको येऊ. आतच राय. कायले उगाच परीक्षा पाहाची." त्यात कुठेही बहुतेक नव्हतं. एवढं बोलून ते गेले नाहीत. मी 'नाही, मी येते' म्हणेन याची ते वाट बघत होते, हे मला कळत होतं. मी मान खाली घालून चादरीची घडी सारखी करत बसले. मग दोन्ही चष्मे खिशात घालून ते पाळीकडे एकटेच गेले.

मी बाहेर गेले असते आणि बाळ माझ्यासारखं झालं असतं, तर गावाने त्यांना जगू दिलं नसतं. म्हणून मी त्यांच्यासाठीच आत बसले, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मला भीती वाटली होती.

मुलगी झाली. ओठ चांगला, नीट जुळलेला. बारसं माहेरी झालं. घर बायांनी भरलं होतं. मोठेबाबा दाराशी उभे राहून पाळण्याकडे बघत होते. शेजारची म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "यावक्ती गिऱ्हानात आत बसली, म्हनून पोरगी अशी साजरी झाली. होय का नाही वो, वंदना?"

सगळं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी ते वर्गात शिकवते. आत बसले नसते तरी ती अशीच झाली असती, आणि माझी आई त्या दिवशी आत बसली असती तरी मी अशीच झाले असते. घरात सासूबाई होत्या, गाव होतं, बारशाचा दिवस होता, वाद कशाला. मी म्हटलं, "हो."

मोठेबाबांनी मान हलवली. "बरं झालं," म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, धानाची रोवणी ऐन भरात असताना, ते झोपेतच गेले. मी आठवीला ग्रहणाचा पाठ शिकवते तेव्हा पोरं हटकून विचारतात, मॅडम, गरोदर बाईने पाहिलं तर? मी न चुकता सांगते की काही होत नाही. माझा आवाज तेव्हा चढतो, टेबलावर हातही आपटतो. आता ते ऐकून कोणाचं काय भलं होणार आहे, कोण जाणे.

मोठेबाबांची तेरवी झाल्यावर पाहुणे पांगले. आई आणि मी त्यांची खोली झाडायला घेतली. आई त्या खोलीत कधी गेली नव्हती. केरसुणी हातात धरून ती खोलीच्या मधोमध थांबली.

"तुझ्या वक्तीच्या गिऱ्हानाले मले कोनी बाहेर ओढून नेलं नव्हतं," ती म्हणाली. "मले पाहाचंच होतं. तुझ्या मोठेबाबायनं नसतं म्हटलं तं मी दाराच्या फटीतून पाहिलं असतं. यायनं उन्हात चाळनी धरली होती. तिच्यातून अंगनभर सूर्याच्या इवल्या इवल्या कोरी पडल्या होत्या. माझ्या पायावर, लुगड्यावर. तवाच तू पोटात पयल्यांदा हालली. असं साजरं मी मंग कधीच पाहिलं नाही."

मी खाटेवर बसले. म्हटलं, "आई, हे त्यायले सांगितलं काऊन नाही?"

"मी कशी सांगू? भासऱ्यासंगं कोनी बोलते का?" ती पुन्हा झाडायला लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू तं बोलत होती."