फ्रेममधली मजबूरी

परवा राजेंद्र नगरात कुसुमकाकूंकडे साबुदाणा वडे खायला गेले आणि एका शब्दाच्या भानगडीत अडकले...

तुम्हाला माहीतच आहे, मी इंदूरचे खाण्याचे ब्लॉग रोज वाचते आणि रोज चिडते. ज्या दुकानासमोर स्कूटर लावायला जागा नसते, ते म्हणे 'हिडन जेम'. मागच्या दिवाळीत विजय नगरात उघडलेलं हॉटेल यंदा 'लेजेंडरी'. आणि चाउमीनच्या गाडीवर 'माँ के हाथ का स्वाद'... कोणाची आई हो घरी अजिनोमोटो घालत होती?

तर, काकूंचं दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. चार टेबलं, आत काकूंची कढई, बाहेर गल्ल्यावर काका. काका आधी मिलमध्ये बाबू होते. नव्वदनंतर इंदूरच्या मिल एकेक करून बंद पडल्या, त्यात त्यांचीही गेली.

मी तेव्हा शाळेत होते. बाजारात नवनव्या कंपन्यांची कोल्ड्रिंक्स येत होती आणि आमच्या गल्लीत सगळ्यांचे वडील भर दुपारी घरी दिसायला लागले होते. त्याच दिवसांत काकूंनी दुकान काढलं. सगळे हळहळले... मीसुद्धा इतकी वर्षं, नाइलाजानेच काढलं, असं धरून चालले होते.

आता एका ब्लॉगवाल्या मुलाने दुकानावर लिहिलंय. काकांनी त्याचा प्रिंट काढून, फ्रेम करून गल्ल्यामागे लावलाय. वर काकूंचा कढईपाशी हसतानाचा मोठा फोटो, आणि खाली लिहिलंय, 'मिल बंद हुई तो मजबूरी में इस परिवार ने कढ़ाई उठाई.'

काका थैली घेऊन बटाटे आणायला निघाले आणि काकूंनी मला हाताला धरून आत ओढलं.

"तू ब्लॉगबिग वाचतेस ना? त्या पोराला सांगून ते मजबूरी हटवून दे. रोज समोर दिसतं गं, डोकं खराब होतं."

मी खूश! माझ्यासारखीच शब्दांवरून चिडणारी कोणीतरी भेटली होती. लगेच त्या मुलाचा नंबर शोधून फोन लावला. तो फार गोड बोलला, पण ऐकेना.

"दीदी, उसी लाइन पे तो लोग रो रिये हैं. वो हटा दी तो बचा क्या?"

वडे बचे, असं म्हणणार होते... पण त्याने तोवर फोन ठेवला.

मग मी काकूंना म्हटलं, सोडा ना, एक शब्द तर आहे. काका किती कौतुकाने लावून बसलेत. तर काकूंचे डोळे भरून आले.

काकू म्हणाल्या, "मजबूरी बिल्कुल नव्हती गं. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीच्या झांक्या, ते देखावे, बनवायचे ना मिलवाले, त्यांना माझे वडे जायचे. शंभर-शंभर माणसं बोटं चाटायची. तेव्हापासून मला दुकान काढायचं होतं. पण मिलच्या बाबूची बायको वडे तळणार? सासूबाईंनी तर बोलणंच बंद केलं असतं! मग मिल बंद झाली. सगळी गल्ली रडत होती, आणि मी मनातल्या मनात टेबलं कुठे लावायची ते बघत होते. मला खुशी झाली होती गं... यांची नोकरी गेली आणि मला खुशी झाली. हे यांना कोणत्या तोंडाने सांगू?"

एवढ्यात मागे चप्पल वाजली. काका दारात उभे! पाकीट विसरले होते म्हणून परत आलेले. सगळं ऐकलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी उगाचच रिकाम्या ताटलीकडे बघत बसले. मनात म्हटलं, आता माझ्यामुळे या दोघांचं भांडण होणार.

काका शांतपणे स्टुलावर बसले.

"ती मोठी कढई तर मिल चालू होती तेव्हाच घरात आली होती. पलंगाखाली ठेवायचीस. रोज माझा अंगठा आपटायचा तिला."

"अहो, मग विचारलं का नाही?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो. मिल बंद झाली तेव्हा वाटलं, चला, निदान हिची कढई तरी बाहेर निघेल."

काकू पदरामागे रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

मी विचारलं, मग काका, ही फ्रेम का लावलीत? तर म्हणाले, "फोटो छान आलाय ना हिचा. खालचं कोण वाचतं?"

मग उठून त्यांनी फ्रेम उतरवली, मागच्या पिना काढल्या आणि कागद गल्ल्यावर पसरला. खिशातलं पेन काढून 'मजबूरी में' वर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'हौस से'. अर्धं मराठी, अर्धं हिंदी... एरवी अशी खिचडी दिसली की माझं डोकंच फिरतं. त्या दिवशी मात्र यापेक्षा बरोबर शब्द मला सुचला नसता.

काका जरा थांबले. मग 'इस परिवार ने' वरही रेघ मारली आणि सावकाश, बाबूच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'कुसुम ने'.

लहानपणापासून या घरात येते मी. काकूंना हाक मारताना काकांच्या तोंडून आजवर फक्त 'अगं' ऐकलंय.

काकूंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाल्या, "बटाटे राहिले ना आणायचे." काका लगबगीने निघाले. पाकीट परत तिथेच राहिलं...

फ्रेम आता पुन्हा भिंतीवर आहे. राजेंद्र नगरात गेलात तर वडे खाच, पण आधी गल्ल्यामागची ती ओळ वाचा. इंदूरच्या सगळ्या ब्लॉगांत मला न खटकलेली ती एकच ओळ आहे, आणि ती लिहिली जाताना मी तिथे होते, याचा मला फार आनंद आहे.