बांधाखालचं हिरवं गवत

मारिख्येच्या पायाला भिंगरी होती. वय वर्षं सदुसष्ट. पण कुणाच्या वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडून माणसं कॉफीला बसली, की दहा मिनिटांत हिची खुर्ची रिकामी. "गेली बांधावर," असं कुणीतरी म्हणायचं आणि गप्पा पुढे सुरू व्हायच्या.

त्यांची शेतं समुद्राच्या पातळीपासून पाच मीटर खाली. कालवा वर, कुरणं खाली, मध्ये बांध, आणि बोट जायची ती गायींच्या डोक्यावरून. याचं तिथे कुणाला नवल नव्हतं. दुसऱ्या देशांनी भारदस्त नावं घेतली, यांच्या पूर्वजांनी सरळ 'खालचा देश' म्हणून टाकलं. खोटं कशाला बोला? बाहेरची माणसं हॉलंड म्हणतात तेव्हा मात्र यांच्यासारख्या उट्रेख्तकडच्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. हॉलंड म्हणजे पश्चिमेकडचा तेवढा तुकडा. आपण कोण, ते आपल्याला ठाऊक आहे.

तीस वर्षं मारिख्ये बांधावर फुकटची राखण करत होती. वादळ आलं, कालवा चढला, की निरोप येऊन सगळेच राखणदार बाहेर पडत. ही निरोपाची वाट बघायची नाही. लोखंडी टोकाची काठी घेऊन रोज निघायची. दर दहा पावलांवर बांधाच्या पायथ्याशी काठी टोचायची, बाहेर काढायची, टोक बघायचं आणि पुढे चालायचं.

आता ते संपणार होतं. तिच्या नवऱ्याची, लुब्बर्टची, छाती या ओलसर हवेत भरून यायची. डॉक्टरांनी दोन हिवाळे सांगून पाहिलं, तिसऱ्या हिवाळ्यात दम भरला. दक्षिणेकडे, लिम्बुर्खच्या टेकड्यांत, लुब्बर्टची बहीण राहायची. तिच्याच शेजारी घर घेतलं, शनिवारी सामानाची गाडी ठरली आणि मारिख्येची झोप उडाली. जूनपासून तिने पाणीखात्याच्या कचेरीत पाच वेळा फोन केला होता. बांधाला फट पडली, बांधाला फट पडली. पाचही वेळा माणूस येऊन गेला आणि पाचही वेळा ते चिचुंदरीचं बीळ नाहीतर सुकलेला चर निघाला.

"घर सोडायचं जिवावर आलंय, म्हणून बांध फोडायला निघालीस की काय?" लुब्बर्टने तिला विचारलं होतं. तो थट्टेत बोलला, पण तिच्या ते वर्मी लागलं. खरंच तसं असेल का, हा प्रश्न तेव्हापासून तिच्या मागे लागला.

गुरुवारी दुपारी सून योरीनने आपल्या अंगणात निरोपाची कॉफी ठेवली. हे शेत मुलाचं आणि सुनेचं, अगदी बांधाखालचं. खुर्च्या गोल मांडल्या. प्रत्येकाला एक कप, एक बिस्कीट, आणि डब्याचं झाकण लगेच बंद. पाणीखात्याचा सीब्रेन केक आणि फुलं घेऊन आला होता.

"आमच्या कचेरीचा फोन आता गंजणार," तो म्हणाला. "मारिख्येबाई, टेकडीवर फटी शोधू नका हं. तिथे त्यांना दरी म्हणतात!"

सगळे हसले. मारिख्येही हसली, पण तिचं लक्ष गायींकडे होतं. अकरा आठवडे पावसाचा थेंब नव्हता. कुरण पायपुसण्यासारखं तपकिरी पडलं होतं. आणि बाराच्या बारा गायी बांधाच्या पायथ्याशी एकाच जागी दाटीने उभ्या होत्या.

"तिकडे काय आहे गं?" तिने विचारलं.

"तेच आपलं हिरवं," योरीन कौतुकाने म्हणाली. "सगळ्या गावाचं करपलं, पण आमचा तेवढा तुकडा देवाने राखलाय. तुम्हीच नाही का म्हणालात सोमवारी, नशीबवान आहेस म्हणून?"

म्हणाली होती खरी. आणि गायींच्या दाटीत तिथे काठी न टोचताच पुढे गेली होती. अकरा आठवड्यांच्या उन्हात गवत हिरवं राहतं ते कुणाच्या पाण्यावर?

ती उठली. लुब्बर्टने तिची बाही धरली.

"बस," तो हळूच म्हणाला. "माणसं तुझ्यासाठी आलीत. आजच्या दिवस तरी बस."

त्याचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. ती बसली. कप हातात धरून तिने स्वतःला समजावलं, बाई गं, हे तुझ्या पायाचं खूळ आहे. कालवा चढलेला नाही, वारा नाही. पाण्याची भीती पुरात असते, उन्हाळ्यात कसली? तिथली सगळीच माणसं असंच मानायची. बांधाची काळजी हिवाळ्यात, उन्हाळ्यात बांधावर सायकली. पण हा बांध वाळूचा नव्हता, मातीचाही धड नव्हता. जुन्या दलदलीतल्या कुजलेल्या पाल्याचा होता. तसला पाला ओला असतो तोवर जड. वाळला की सुक्या पावासारखा हलका. आणि पलीकडून कालवा तर ढकलतच होता, उन्हाळा असो की हिवाळा.

कप तिने बशीत आपटलाच. "तुम्ही खा केक," म्हणाली आणि काठी घेऊन चालू लागली.

"सहावी फट!" मागून सीब्रेन ओरडला. पुन्हा हशा.

गायींना ढोसत ती हिरव्यात शिरली. काठी टोचली. एरवी वीतभरही मुश्किलीने जायची, ती हातभर आत गेली, लोण्यात सुरी जावी तशी. बाहेर ओढली तर मागोमाग पाणी आलं. ते नितळ असतं तर तिने देवाचे आभार मानले असते. ते काळं होतं, गढूळ होतं. बांध आतून धुपत होता.

हातापायांनी ती चढ चढली. माथ्यावर, खाजकुइलीसारख्या आग करणाऱ्या झुडपांत, लांबच लांब भेग होती. तिचा हात मनगटापर्यंत आत गेला.

"सीब्रेन!" ती ओरडली. "केक ठेव खाली आणि ये!"

तो केकची बशी घेऊनच आला, हसत हसत आला. काठीच्या भोकात त्याने दोन बोटं घातली, वास घेतला आणि त्याचं हसू मावळलं. बशी गवतात राहिली. तो फोनवर ओरडत होता, बोटी थांबवा, कालवा उतरवा, चिकणमातीच्या गोण्या पाठवा, आता म्हणजे आता. योरीन गायी हाकत होती आणि हाकताना रडत होती. निरोपाला आलेली माणसं बाह्या सारून रांगेत उभी राहिली. दिवेलागणीपर्यंत बांधाच्या पायथ्याशी गोण्यांची थप्पी चढली आणि काळं पाणी थांबलं.

"दोन दिवस गेले असते तर..." सीब्रेन म्हणाला. त्याने टोपी काढून योरीनच्या घराकडे बघितलं.

लुब्बर्ट धापा टाकत मारिख्येजवळ येऊन उभा राहिला. "राहायचंय का तुला?" त्याने विचारलं. "सांग. मी काही म्हणणार नाही."

राहायचं होतं. पण त्याच्या छातीतली शिट्टी तिला ऐकू येत होती.

"शनिवारी गाडी नऊला येणार आहे ना?" ती म्हणाली. आणि काठी तिने सुनेपुढे धरली.

"मला कशाला, आई? मला गायी काय कमी आहेत?"

"गायी तुझ्याच आहेत. म्हणून तर."

टेकडीवरचं घर चांगलं होतं. लुब्बर्ट पहिल्याच आठवड्यात खोकायचा कमी झाला. नणंदेचा नवरा त्यांना "आमचे हॉलंडवाले" म्हणायचा आणि लुब्बर्ट दर वेळी त्याला भूगोल शिकवायचा. नवव्या दिवशी पाऊस आला. मारिख्ये खिडकीशी उभी राहिली. पाणी रस्त्यावरून आलं, उतारावरून गेलं, संपलं. त्याला कुणी अडवावं लागत नव्हतं, उपसावं लागत नव्हतं, राखावं लागत नव्हतं. इथे आपली कुणाला गरज नाही, हे तिला तेव्हा कळलं आणि ती ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"आई, मी बांधावर आहे," योरीन धापा टाकत होती. "दुसऱ्या वळणापाशी. काल इकडेही पाऊस झाला, पण इथलं गवत जरा जास्तच हिरवं दिसतंय. मला कालपासून बसवत नाहीये."

"काठी टोच," मारिख्ये म्हणाली. "किती गेली?"

"वीतभर."

"टोकाला काय आहे?"

"कोरडं आहे."

"मग पावसाने धूळ धुतली गेली, म्हणून हिरवं दिसतंय ते. दहा पावलं पुढे हो. मोजून. आणि टोच."

बोलता बोलता मारिख्येही उठून चालायला लागली होती. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत, दर दहा पावलांना थांबून. लुब्बर्टने बघितलं. तो उठला आणि तिच्या वाटेतल्या खुर्च्या एकेक करून भिंतीला लावू लागला.